एलिझाबेथ होम्सला अपयशाची शिक्षा झाली म्हणे! जरा एकेक वाक्य धरून बघू

थेरानोस ही रक्त तपासणीची अमेरिकन कंपनी काढणाऱ्या एलिझाबेथ होम्सवरचा तो लांबलचक मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९ वर्षांची मुलगी कॉलेज सोडते, रक्ताच्या एका थेंबात शेकडो टेस्ट करायचं स्वप्न बघते, स्वप्न जरा अवघड निघतं आणि सिस्टीम तिला अकरा वर्षं आत टाकते. सिलिकॉन व्हॅलीत सगळेच थापा मारतात, हिने तर स्वतः एक पैसा खाल्ला नाही, कुठल्या पेशंटचं काही वाईट झालं नाही, बाई होती म्हणून सापडली. आणि शेवटी बल्ब बनवताना एडिसनपण हजारदा फेल झाला होता, हे आहेच. वाचायला भारी वाटतं, खोटं कशाला बोलू, मला पण पहिल्यांदा वाचून वाईट वाटलं होतं.

आता "स्वप्न जरा अवघड निघालं" इथूनच सुरू करतो, कारण सगळी गोम इथेच आहे. २००३ मध्ये कंपनी काढायच्या आधी ती ज्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होती तिथल्याच मेडिसिनच्या प्राध्यापक फिलिस गार्डनर यांच्याकडे एक कल्पना घेऊन गेली होती, अंगावर लावायची पट्टी जी इन्फेक्शन ओळखेल आणि औषधपण सोडेल. गार्डनरबाईंनी तोंडावर सांगितलं की हे होणार नाही. ठीक आहे, प्राध्यापक पण चुकतात. पण नंतर थेरानोसने जो थेंबाचा खेळ मांडला त्याची अडचण जिद्दीने सुटणारी नव्हतीच. बोट टोचून काढलेलं रक्त म्हणजे शिरेतलं स्वच्छ रक्त नव्हे, त्यात आजूबाजूच्या पेशींमधलं पाणी येतं, दाबून दाबून काढलं की लाल पेशी फुटतात आणि पेशी फुटली की आतलं पोटॅशियम बाहेर. म्हणजे माणूस ठणठणीत आणि रिपोर्टमध्ये पोटॅशियम वर गेलेलं. साखर मोजायचं मशीन थेंबावर चालतं ना, असं कोणीतरी विचारणारच, चालतं, पण ते एका पट्टीवर एकच गोष्ट मोजतं. इथे यादीत दोनशेच्या वर टेस्ट होत्या.

मग त्या टेस्ट होत कशा होत्या? तर त्यांचं स्वतःचं मशीन, ज्याचं नाव त्यांनी एडिसनच ठेवलं होतं (मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याने एडिसनचं उदाहरण दिलं नसतं बहुतेक), ते जेमतेम डझनभर टेस्ट करायचं. बाकीच्या सीमेन्सच्या मशीनवर. त्यातल्या काही मशीनमध्ये बदल करून त्यावर बोटाचं रक्त चालवायचे, आणि थेंब पुरत नाही म्हणून त्यात पातळ करायचं द्रावण घालून वाढवायचे. आता मोजायची गोष्ट आधीच कमी, त्यात अजून पातळ केली, की आकडा मशीनच्या भरवशाच्या रेंजखाली जातो. लॅबमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, कपाळाला हात लावेल. आणि बाहेर लोकांना काय सांगितलं जात होतं, की आमचं मशीन सगळं करतं.

इथे "सगळेच थापा मारतात" हा मुद्दा येतो. हो, मारतात. सॉफ्टवेअरवाला म्हणतो पुढच्या महिन्यात फीचर येतंय आणि ते वर्षभर येत नाही, आपण शिव्या घालतो आणि विसरतो. पण होम्सच्या खटल्यात जे निघालं ते "लवकरच येतंय" या जातीचं नव्हतं. फायझरने थेरानोसचं तंत्रज्ञान तपासलं होतं आणि त्यांचं मत चांगलं नव्हतं. तरी थेरानोसने स्वतः लिहिलेल्या एका रिपोर्टवर फायझरचा लोगो चिकटवून तो वॉलग्रीन्स या औषधांच्या दुकानांच्या साखळीला आणि गुंतवणूकदारांना दाखवला गेला, आणि लोगो आपणच घातला हे तिने नोव्हेंबर २०२१ मध्ये कोर्टात स्वतः कबूल केलं. आपलं मशीन सैन्य युद्धभूमीवर वापरतंय असं गुंतवणूकदारांना वाटायला लावलं, तसा वापर कधी झालाच नव्हता. पाहुण्यांना डेमो द्यायचा असला की मशीनमधला बिघाड समोरच्याला दिसूच नये म्हणून वेगळं डेमो सॉफ्टवेअर होतं. आणि २०१४ चं उत्पन्न गुंतवणूकदारांना सांगितलं १० कोटी डॉलरच्या वर, खरं निघालं जेमतेम १ लाख डॉलरच्या पुढे. याला थाप म्हणायचं?

"एक पैसा खाल्ला नाही". हे मात्र अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. तिने आपला एकही शेअर विकला नाही. कंपनीची किंमत ९०० कोटी डॉलर धरली जात होती तेव्हा फोर्ब्सने तिची संपत्ती ४५० कोटी डॉलर लावली होती आणि २०१६ मध्ये त्याच फोर्ब्सने ती शून्यावर आणली. माझा अंदाज असा की तिचा स्वतःचा स्वतःवर विश्वास बसलेला होता, शेवटपर्यंत. पण म्हणून काय? दुसऱ्याला खोटा कागद दाखवून ७० कोटी डॉलरच्या वर पैसे उभे केले, ते आपल्या खिशात न घालता कंपनीत जाळले, तरी कागद खोटाच राहतो ना. आणि गुंतवणूकदार श्रीमंत होते, मीडियावाला मरडॉक, वॉलमार्टवाले वॉल्टन कुटुंब वगैरे, त्यांचं काय एवढं, हे मला पण पटतं खरं तर, त्यांच्यासाठी रडणाऱ्यातला मी नाही. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये लॅब बंद करून ३४० कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं, ते कोणी मरडॉक नव्हते.

आता सगळ्यात चीड आणणारं वाक्य, "कुठल्या पेशंटचं काही वाईट झालं नाही, कोर्टाने पण सोडलं". पेशंटच्या फसवणुकीच्या आरोपांतून ज्युरीने तिला निर्दोष ठरवलं हे खरं आहे. पण तिथे प्रश्न होता की तिने पेशंटना फसवायचं ठरवून फसवलं का, रिपोर्ट बरोबर होते का हा नव्हता. ॲरिझोनात वॉलग्रीन्सच्या दुकानांमध्ये या टेस्ट लोकांवर प्रत्यक्ष चालल्या. तिथली एक बाई कोर्टात साक्षीला आली. आधी तीनदा गर्भपात झालेला, पुन्हा दिवस गेलेले, आणि थेरानोसच्या रिपोर्टात प्रेग्नन्सीच्या हार्मोनचा आकडा एकदम कोसळलेला. अर्थ काय, तर हेही मूल जाणार. दुसरीकडे तपासल्यावर कळलं सगळं व्यवस्थित आहे, तिला मुलगी झाली. मधले ते दिवस तिने कसे काढले असतील याचा विचार करा आणि मग "काही वाईट झालं नाही" लिहा. सरकारी तपासणीत जानेवारी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूअर्कच्या लॅबमधल्या कारभारामुळे रुग्णांच्या आरोग्याला तात्काळ धोका आहे असा शेरा आला, एडिसनवरचे दोन वर्षांचे रिपोर्ट कंपनीला स्वतः रद्द करावे लागले, ॲरिझोनातल्या ग्राहकांना ४६.५ लाख डॉलर परत द्यावे लागले. म्हणून तो बल्बवाला मुद्दा इथे लागूच होत नाही, बल्ब लागला नाही तर समोर दिसतं, चुकीच्या रिपोर्टवर आकडा नेहमीच्याच फॉन्टमध्ये छापून येतो.

राहिलं "बाई होती म्हणून". तिच्या जाड आवाजावर आणि काळ्या टर्टलनेकवर जितकं लिहिलं गेलं तितकं कुठल्या पुरुषाच्या कपड्यांवर लिहिलं गेलं नसतं, हे मी शंभर टक्के मानतो, ती चर्चा फालतूच होती. पण शिक्षेचं म्हणाल तर तिच्यासोबत कंपनी चालवणारा रमेश बलवानी नावाचा पुरुष होता. तिच्यावर चार आरोप सिद्ध झाले, त्याच्यावर सगळेच्या सगळे बारा, त्यात पेशंटच्या फसवणुकीचे पण. तिला ११ वर्षं ३ महिने, त्याला १२ वर्षं ११ महिने. तो या मेसेजमध्ये कुठेच नाही, बघा शोधून. आणि एरिका चंग पण नाही, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, पहिल्याच नोकरीत तिथल्या लॅबमध्ये लागलेली मुलगी, जिने मशीनचे आकडे जुळत नाहीत हे वरच्यांना सांगून पाहिलं, कोणी ऐकेना म्हणून नोकरी सोडली आणि २०१५ मध्ये सरळ सरकारी यंत्रणेला पत्र लिहिलं. ती पण बाईच होती की.