उचल तिप्पट का झाली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हळदीच्या पट्टीचा भरायचा फॉर्म आणि छापायचा रिपोर्ट मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये कसा करायचा, या माझ्या लेखाखाली तुम्ही "ताई, राग मानू नका" असं म्हणून चांगलंच झोडपलंय. राग नाही आला. पण उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून इथे लिहिते.

तुमचं म्हणणं असं: शिकवायचा होता फॉर्म नि रिपोर्ट, अर्धा लेख टेबलांतच गेला. विझार्डने, म्हणजे ॲक्सेसमधल्या तयार मदतनीसाने, फॉर्म दोन मिनिटांत होतो. रिपोर्टमध्ये उचलीची, म्हणजे शेतकऱ्याने आगाऊ घेतलेल्या पैशांची, बेरीज तिप्पट आली. छापताना एकाआड एक पान कोरं निघालं. आणि हे सगळं एक्सेलमध्ये होत असताना हा म्हातारा प्रोग्रॅम कशाला?

तिप्पट उचलीपासून सुरू करते, कारण तिथे चूक माझी आहे.

ज्यांनी पट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतकऱ्याचा माल यार्डात सौद्यात गेला की अडत्या त्याला हिशेबाचा कागद देतो, ती पट्टी. वर नाव, गाव, तारीख. मध्ये एकेका वक्कलाची, म्हणजे मालाच्या एकेका ढिगाची, पोती, वजन, दर. खाली हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा. तळाला हातात पडणारी रक्कम. मी लिहिलं होतं की पट्ट्या, वक्कलं आणि उचल ही तिन्ही टेबलं एका क्वेरीत (टेबलं जोडून हवी ती माहिती काढणाऱ्या मागणीत) घ्या आणि तिच्यावर रिपोर्ट बसवा. माझ्या नमुन्यात प्रत्येकाचं एकच वक्कल आणि एकच उचल होती, म्हणून सगळं बरोबर दिसलं. खऱ्या दुकानात असं कुठे असतं?

समजा एकाची तीन वक्कलं आहेत: ४.१५, ३.९० आणि २.२० क्विंटल. उचल दोनदा घेतली, ५,००० आणि ३,०००. क्वेरी प्रत्येक वक्कलापुढे प्रत्येक उचल मांडते, म्हणजे ओळी सहा. उचलीची बेरीज ८,००० ऐवजी २४,०००. आणि तुम्ही वजनाबद्दल काही बोलला नाहीत, पण ते एकदा बघा. तेही १०.२५ ऐवजी २०.५० झालेलं असणार. उचल जादा कापली गेली की शेतकरी काउंटरवरच भांडतो; वजन दुप्पट लागलं तर गुपचूप घरी जातो, आणि भुर्दंड पेढीला.

दुरुस्ती अशी. उचलीची आधी एक वेगळी छोटी क्वेरी करा, जी पट्टी क्रमांकानुसार गट करून बेरीज देते. आता प्रत्येक पट्टीला उचलीची एकच ओळ. उचलीच्या टेबलाऐवजी ही क्वेरी मुख्य क्वेरीला जोडताना "पट्ट्यांतल्या सगळ्या ओळी घ्या" हा पर्याय निवडा, नाहीतर ज्यांनी उचल घेतलीच नाही ते शेतकरी रिपोर्टमधून गायब होतील. त्यांची रिकामी जागा शून्य धरायला एनझेड (Nz) फंक्शन वापरा. मग रिपोर्ट पट्टी क्रमांकावर गट करा. वजनाची आणि रकमेची बेरीज गटाच्या फूटरमध्ये (तळाच्या पट्ट्यात) घ्या, पण उचल तिथे नुसती दाखवा, तिला सम हे बेरजेचं फंक्शन लावू नका. दिवसभराची एकूण उचल शेवटी हवी असेल तर फूटरमधल्या त्याच बॉक्सची एक प्रत करून तिचा रनिंग सम (चालती बेरीज) "ओव्हर ऑल" करा, ती लपवून ठेवा आणि रिपोर्टच्या शेवटच्या फूटरमध्ये तिचाच आकडा उचला. बेरजा पानाच्या फूटरमध्ये मात्र टाकू नका, तिथे सम चालत नाही, नुसतं एरर दिसतं.

मूळ लेखात हे दुरुस्त केलंय. तुमचे आभार मानते, टोमण्यासकट.

कोऱ्या पानाचं कारण साधं आहे. रिपोर्टची रुंदी आणि दोन्ही बाजूंचे समास मिळून कागदापेक्षा जास्त झाले की उरलेली चिंधी पुढच्या पानावर जाते. ए-फोर कागद २१ सेंटीमीटर. रिपोर्ट १८.५ आणि समास दीड-दीड धरला तरी २१.५ होतात. रुंदी कमी करायला गेलात आणि ॲक्सेस ऐकेना, तर उजव्या कडेला काहीतरी अडकलंय. बहुतेक वेळा शीर्षकाखालची रेघ.

आता टेबलांचं. एकाच टेबलात सगळं कोंबून विझार्ड फिरवला तर फॉर्म दोन मिनिटांत होतो, हे खरं. माझाही पहिला फॉर्म तसाच होता. त्यात गाव हाताने टाइप व्हायचं. महिन्याभराने गावनिहाय आवक काढली तर कवठेमहांकाळ तीन निघाले: एक जोडून लिहिलेलं, एक तोडून, एक "क. महांकाळ". संगणकाच्या हिशेबी तीन वेगळी गावं. म्हणून गावांचं टेबल वेगळं, शेतकऱ्यांचं वेगळं, आणि फॉर्मवर कॉम्बो बॉक्स, म्हणजे यादीतून निवडायचा चौकोन. त्यात दिसतं नाव आणि गाव, साठतो मात्र शेतकरी क्रमांक. एकाच गावात एकाच नावाचे दोघे निघतात, आणि एकाची उचल दुसऱ्याच्या पट्टीत कापली गेली तर काय होतं ते यार्डात बसणाऱ्याला सांगायला नको.

माझी पद्धत उलटी आहे. आधी छापलेली जुनी पट्टी समोर ठेवायची. तिच्यावरची कुठली माहिती एकदाच येते आणि कुठली अनेकदा, त्यावर पेन्सिलने खुणा करायच्या. एकदा येणारी मुख्य फॉर्मवर, अनेकदा येणारी सबफॉर्मवर, म्हणजे त्याच्या आत बसणाऱ्या छोट्या फॉर्मवर. टेबलं त्या खुणांतूनच निघतात. दोन्ही फॉर्म पट्टी क्रमांकाने जोडलेत ना, तेवढं बघा. ती जोडणी राहिली तर प्रत्येक पट्टीखाली अख्ख्या दुकानाची वक्कलं दिसतात.

आणि विझार्डने केलेल्या फॉर्मची एक गंमत सांगते. आमच्या दुकानातले दिवाणजी टाइप करताना पडद्याकडे बघत नाहीत. डोळे वजनाच्या चिठ्ठीवर, बोटं कीबोर्डवर. मी पोत्यांचा रकाना विसरले होते, तो नंतर घातला आणि वजनाच्या आधी नेऊन बसवला. जागा बदलली, पण टॅब ऑर्डर, म्हणजे टॅब दाबल्यावर रकान्यांत जायचा क्रम, बदलली नाही. टॅब आधी वजनावर, मग दरावर, शेवटी पोत्यांवर. दिवाणजींनी चिठ्ठीप्रमाणे ८, ४.१५, १४,५०० असं मारलं. पट्टी छापून आली: १४,५०० पोती, वजन ८ क्विंटल, दर ४ रुपये १५ पैसे. दिवाणजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "वहिनी, एवढी पोती ठेवायला हरिपूरची पेवंपण पुरायची नाहीत." (पेवं म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं.) तेव्हापासून फॉर्म झाला की मी उंदीर बाजूला ठेवते आणि नुसत्या टॅबने दहा चिठ्ठ्या भरून बघते. पोती आणि दर यांना व्हॅलिडेशन रूलही (भलताच आकडा न घेणारा नियम) लावलाय.

तुमच्या वाटेला अजून न आलेली एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. फॉर्मवरच्या तारखेने रिपोर्ट गाळताना कोडमध्ये ३ एप्रिलसाठी ०३/०४ असं चिकटवलंत तर ॲक्सेस ते अमेरिकी पद्धतीने, ४ मार्च असं वाचतं. १३ तारखेपासून पुढे बरोबर चालतं, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे चूक फक्त महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत येते आणि माणूस वेडा होतो. कोडमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच द्या.

राहता राहिलं एक्सेल. आमच्या भिशीचा हिशेब मी एक्सेलमध्येच ठेवते, वीस ओळींना डेटाबेस कशाला? पण ओळखीतल्या एका पेढीवर कुणीतरी नावांचा रकाना अक्षरक्रमाने लावला, एक्सेलने विचारलेल्या प्रश्नाला नको ते उत्तर दिलं, आणि नावं हलली, वजनं जागेवर राहिली. फाइल सेव्हही झाली. ॲक्सेसमध्ये अख्खी ओळच हलते, नुसता रकाना हलत नाही.

म्हातारा म्हणाल तर आहेच, १९९२ चा आहे. एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. अडत दुकानाला ती गाठायला बराच काळ लागेल. दुसऱ्या संगणकावर नुसतं चालवायचं असेल तर त्याचा रनटाइम फुकट मिळतो. ॲक्सेससारखाच लिब्रेऑफिस बेस पूर्ण फुकट आहे, फक्त त्याच्या रिपोर्टला 'जावा' हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं. मला ॲक्सेसमध्ये आवडतं ते हे, की सगळं एका फाइलमध्ये मावतं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात शिरलं, संगणक गेला. फाइल पेन ड्राइव्हवर होती, तो सासूबाईंच्या पिशवीत औषधांबरोबर वर गेला.

तुम्ही आता एक करा. रिपोर्ट बाजूला ठेवा, त्याच्याखालची क्वेरी नुसती उघडा आणि एकाच पट्टीच्या ओळी मोजा. वक्कलं जितकी तितक्याच निघाल्या तर रिपोर्ट परत काढा. जास्त निघाल्या तर कुठली ओळ दुबार आली ते मला लिहा.