‘नीम ऑइलने माझी जास्वंद जाळली’ या रिव्ह्यूला नर्सरीकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार दिलात. लिहिलंत की आमचं नीम ऑइल भेसळीचं आहे, पिठ्या ढेकणासाठी (मिलीबग, झाडावरची पांढरी कापसासारखी कीड) रविवारी दुपारी फवारलं आणि तीन दिवसांत गच्चीवरच्या जास्वंदीची पानं करपून गळली. ‘दुकानातल्या मुलाने सांगितलं तशी लिटरला दोन झाकणं टाकली,’ हेही लिहिलंत. त्या वाक्यापाशी मी थांबलो. मुलाला विचारलं, तर म्हणाला, हो, सगळ्यांना असंच सांगतो. मग त्याच बाटलीचं झाकण औषधाच्या मापाने मोजलं. एका झाकणात साडेसात मिली मावतं. म्हणजे तुमच्या पाण्यात लिटरला १५ मिली तेल गेलं. लेबलवर ५ मिली छापलंय, पण इतकं बारीक की मलाच चष्मा पुसून वाचावं लागलं. चूक आमची आहे, माफ करा.

भेसळीचं मात्र मान्य नाही. आपलं तेल घाण्याचं, कच्चं असतं, आणि शुद्ध तेलही तिप्पट पडलं की असं करतं. तेलाचा थर पानावर बसतो, पानाची श्वास घ्यायची छिद्रं बुजतात, वरून एप्रिलचं ऊन. पुण्यात या दिवसांत दुपारी पारा ३८ च्या पुढे जातो, गच्चीची फरशी त्याहून तापते. फवारणी ऊन कलल्यावर, संध्याकाळीच करायची. नीममधलं किडीवर काम करणारं द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर निकामी होतं, त्यामुळे दुपारी मारलेल्याचा किडीवरही फारसा उपयोग नाही. झाडाला सकाळी पाणी दिलेलं हवं. तहानलेलं झाड आधी करपतं.

आणखी एक शंका आहे. साबणाचा उल्लेख तुमच्या लिहिण्यात नाही. कच्चं तेल नुसत्या पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. पंपाची नळी तळातून ओढते, म्हणून सुरुवातीला जवळपास पाणीच उडतं आणि शेवटी शेवटी तेल. शेवटी फवारलेल्या फांद्या जास्त जळल्यात का, एकदा बघा. लिटरभर पाण्यासाठीच्या तेलात आधी १-२ मिली सौम्य लिक्विड सोप घोटायचा, मग ते थोडं थोडं करून कोमट पाण्यात ओतायचं. दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. फवारताना पंप हलवत राहायचा, आणि उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. कपड्यांची पावडर अजिबात नको, तिनेही पानं जळतात. नवीन झाडावर आधी दोन-चार पानांवरच मारून एक दिवस वाट बघायची. नेचे आणि कोवळी पालवी तर फारच नाजूक.

आता तुमच्या जास्वंदीचं. फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, छाटायची घाई करू नका. उरलेली पानं संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा, कुंडी आठ-दहा दिवस हिरव्या जाळीखाली ठेवा, नवी पालवी येईपर्यंत खत देऊ नका. पिठ्या ढेकूण राहिला असेल तर तूर्त जुन्या टूथब्रशने आणि पाण्याच्या धारेने काढा. मुंग्यांचाही बंदोबस्त करा, या ढेकणातून पाझरणाऱ्या मधासारख्या चिकट रसासाठी त्या त्याची राखण करतात. नीम पुन्हा मारायचं ते झाड सावरल्यावर, मापात, आठवड्याच्या अंतराने. एका फवारणीत कीड साफ होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आमच्या मुलाने सांगितलं तरी.

दुकानात ‘१०० टक्के नैसर्गिक, झाडाला अपाय नाही’ अशी पाटी होती. मीच लावली होती, काल काढली. प्रत्येक बाटलीसोबत आता ५ मिलीचं माप देतोय.

तेलाचे पैसे परत देतो. साल आतून सुकलेली निघाली तर त्याच रंगाची जास्वंद बदलून देतो, पावती नसली तरी चालेल. फांदीचा एक फोटो घेऊन या. सोमवारी दुकान बंद असतं, इतर दिवशी दुपारी चारनंतर मी स्वतः असतो.