शनिवारचे घर

शाळेतल्या एका जुन्या वर्गमित्राने टाकलेली ४२ छायाचित्रे आज दुपारी पाहिली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तो गेली पंचवीस वर्षे अमेरिकेत आहे आणि तिथल्या आपल्या चर्चच्या मंडळींबरोबर नुकताच युगांडाला जाऊन आला. ज्या मुलांसाठी ही मंडळी दरमहा चाळीसेक डॉलर पाठवतात, त्यांना प्रत्यक्ष भेटण्यासाठी हा प्रवास होता. पहिल्याच छायाचित्रात एकसारखे सदरे घातलेली मुले रांगेत उभी राहून पाहुण्यांसमोर गाणे म्हणत आहेत. दुसऱ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आपल्या दात्याचा फोटो छातीशी धरून उभी आहे, आणि खाली तिचे नाव, तिचे गाव, एवढेच काय, तिचे वडील कोणत्या आजाराने गेले हेसुद्धा लिहिले आहे. त्यावर तीनशे लोकांनी बदाम दिले आहेत.

माझे वडील, आमचे अण्णा, १९४४ साली कोकणातून बडोद्याला शिकायला आले आणि वार लावून जेवले. सात दिवस, सात घरे. शनिवारचे घर रावपुऱ्यात होते. तिथे पाहुणे आले की पाने वाढून झाल्यावर अण्णांना सर्वांसमोर उभे करून श्लोक म्हणायला लावत आणि ‘आमच्याकडे जेवतो, हुशार आहे हो,’ असे सांगत. जेवण उत्तम असे, वर साजूक तूप असे, आणि तो भात आपल्या घशाखाली उतरत नसे, असे अण्णा सांगत. पुढे नोकरी लागली, स्वतःचे घर झाले, तरी सूरसागरकडे जाताना ते वळसा घालून जात; त्या गल्लीत त्यांनी पुन्हा पाऊल टाकले नाही.

त्या मुलीच्या हातातला फोटो पाहिला आणि मला अण्णांचा श्लोक आठवला.

मदत करू नये असे मी म्हणत नाही. कोरियातल्या युद्धात अनाथ झालेली रस्त्यावरची मुले पाहून एव्हरेट स्वान्सन नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९५२ मध्ये जे काम सुरू केले, त्यातून पुढे ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. सरकारने परदेशी निधीसाठी पूर्वपरवानगीची अट घातल्यानंतर मार्च २०१७ मध्ये तिने भारतातले काम थांबवले, तेव्हा आपल्याकडची सुमारे १ लाख ४५ हजार मुले तिच्या मदतीवर होती. संस्था ख्रिस्ती आहे, म्हणून धर्मांतराचा मुद्दा खाली प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी काढेलच. वहीपुस्तकांसाठी कोणत्याही मुलाला प्रार्थना म्हणावी लागू नये, हे मला मान्य आहे. पण ती मदत थांबल्यावर त्या मुलांच्या दप्तराचे आणि दुपारच्या जेवणाचे काय झाले, हे विचारायला आपल्यापैकी कोण गेले होते?

मला राग येतो तो दाखवण्याचा. अशा संस्थांमध्ये मुलांची आणि दात्यांची पत्रे कार्यालयातून तपासून आणि भाषांतर होऊन जातात, एकमेकांचे पत्ते दिले जात नाहीत, भेटीच्या वेळी कार्यकर्ता सोबत असतो. मुलाला धोका होऊ नये म्हणून एवढी काळजी घेतली जाते, आणि आपण घरी परतल्यावर त्याच मुलीला नावगावासह सगळ्या जगासमोर उभी करतो! तिला कोणी विचारले होते का? ‘नको’ म्हणण्याची तिची काय बिशाद होती?

अण्णांची तरी काय बिशाद होती? आणि तरीही अण्णांना सात घरे मिळाली, कारण त्यांची जात आड आली नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन ज्यांना न्यूयॉर्कला पाठवले, ते डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी याच बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला एक खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले आणि गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. तिजोरीतून पैसे निघाले होते, पण गावातले एक दार उघडले नाही. हे लिहिताना माझा हात आजही जड होतो.

गुरुवारच्या घराविषयी सांगायचे राहिले. ते दांडिया बाजारात एका विधवा आजींचे होते. अण्णांची आई एकदा मुलाला भेटायला बडोद्याला आली आणि धर्मशाळेत उतरली, तेव्हा या आजी चालत तिथपर्यंत गेल्या, अंगणात तीन दगड मांडून केलेल्या चुलीपाशी बसल्या आणि माझ्या आजीने थापलेली तांदळाची भाकरी कुळथाच्या पिठल्याशी जेवल्या. आपल्या आईच्या हातचे त्यांनी मागून घेतले, हे सांगताना ऐंशीव्या वर्षीही अण्णांचा आवाज कापत असे.

संध्याकाळी ती छायाचित्रे मी पुन्हा पाहिली. एकतिसाव्या छायाचित्रात माझा मित्र पत्र्याच्या घरात खालीच बसलेला आहे आणि त्याच्या पुढ्यातल्या ताटलीत मातोके, म्हणजे तिकडची उकडून कुस्करलेली हिरवी केळी, अर्धी संपलेली आहेत. दुपारी रागाच्या भरात हे माझ्या नजरेतून सुटले होते. मी त्याला विचारले, तेव्हा त्याने लिहिले, ‘पोट बिघडेल म्हणून घरांमध्ये खाऊ नका, असे आम्हाला बजावले होते. पण तिची आजी वाढून समोर बसली, आणि मला उठवेना.’

अरे, मग हे का नाही लिहिलेस? हे वाचून माझा राग निम्मा उतरला. त्या मुलीचे छायाचित्र, नाव आणि वडिलांचा आजार काढून टाक, असे मी त्याला अण्णांची गोष्ट सांगून कळवले आहे. रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत आणि ते अजून तिथेच आहे. त्याच्याकडे आता दिवस आहे. थोड्या वेळाने मी त्याला फोन करणार आहे.