लोड होतंय

1984 साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढली आणि देशभरातल्या सुमारे 250 शाळांत संगणक धाडले. त्यात आमच्या शाळेचा नंबर लागला आणि शाळेतल्या मास्तरांत माझा. कारण एकच, टेपरेकॉर्डरमध्ये गुंतलेली कॅसेट मला पेन्सिल घालून सोडवता यायची. हेडसरांच्या लेखी हे तांत्रिक शिक्षण होतं.

यंत्र विलायती घाटाचं, बीबीसी मायक्रो. मेमरी 32 के. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी लग्नपत्रिकासुद्धा त्यात मावणार नाही, पण थाट असा की खोलीबाहेर चपला काढायच्या. शाळेतला पहिला एसी तिथेच बसला. एप्रिल लागला तशी भूगोलाच्या सरांना आणि संस्कृतच्या बाईंनाही संगणकाची गोडी लागली. पेपर तपासायचे गठ्ठे घेऊनच यायचे दोघं.

खंडेनवमीला शिपाईमामांनी यंत्राची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि भक्तिभावाने मूठभर अक्षता. त्यातले दोन दाणे ‘टी’च्या बटणाखाली गेले. ‘टी’ नाही म्हणजे पडद्यावर अक्षरं उमटवायचा ‘प्रिंट’ हा हुकूम नाही, आणि ‘प्रिंट’ सोडून मला दुसरं येतच काय होतं? आठवडाभर वर्ग बंद. मग नववीतल्या एका पोराने सांगितलं, “सर, नुसता पी आणि पुढे टिंब दिलं तरी चालतं.” पुस्तकात होतं म्हणे. पुस्तक माझ्या कपाटात, कुलपात!

बावीस वर्षं मी लाल शाईने पोरांच्या चुका काढल्या. इथे दोन अक्षरांची अदलाबदल झाली की यंत्र चाळीस पोरांसमोर मला सुनवायचं, ‘मिस्टेक’. बस्स, एवढंच. चूक कुठली, ते सांगणार नाही. मी निदान समासात बरोबर उत्तर तरी लिहायचो.

खरा छळ मात्र कॅसेटचा. लिहिलेला प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवायचा आणि पुन्हा हवा तेव्हा तिथूनच ‘लोड’ करायचा. ठेवताना पडद्यावर सूचना यायची, आधी ‘रेकॉर्ड’ दाबा, मग ‘रिटर्न’. पहिलं बटण खरंच दाबलंय का, याची यंत्र काही चौकशी करायचं नाही. मी दोनदा विसरलो. तिसऱ्यांदा मी सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा लिहिली, तब्बल दोनशे ओळींची. ती संपेपर्यंत संध्याकाळ झाली, वीज जायची वेळ. कोरी कॅसेट सापडेना. टेपरेकॉर्डरमध्ये होती ती मागे फिरवली, ‘रेकॉर्ड’ दाबलं, स्वतःच्या डोळ्यांनी दाबलेलं पाहिलं आणि विजयी मुद्रेने घरी गेलो.

टेपरेकॉर्डर मात्र पीटीच्या सरांचाही होता.

स्नेहसंमेलनाला पडदा वर गेला. सातवीचे बारा कोळी, बारा कोळणी, पुठ्ठ्याची होडी, वल्ही उगारलेली. पुढच्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष. पीटीच्या सरांनी कॅसेट लावली आणि दोन्ही कर्ण्यांतून, गिरणीचा पट्टा घसरावा तसं, ‘चींऽऽ खर्रर्र चींऽऽ’ सुरू झालं. होडी जागच्या जागी. दोन कोळणी रडायच्या बेतात. अध्यक्षांनी कानांवर हात ठेवून हेडसरांकडे पाहिलं, हेडसरांनी पीटीच्या सरांकडे, त्यांनी माझ्याकडे.

तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून नववीतल्या त्याच पोराचा खणखणीत आवाज आला, “थांबा जरा, लोड होतंय!”