बत्तीस दात आणि चौतीस दाते

सिंहगडाचा घाट रोडबाईकवर, म्हणजे बारीक टायरच्या सायकलवर, चढायचा म्हणजे तोंडातले बत्तीस दात आवळायचे आणि सगळा भरवसा पुढच्या छोट्या चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चकतीच्या) चौतीस दात्यांवर टाकायचा. पायथ्याच्या गोळेवाडीपासून वरच्या पार्किंगपर्यंत आठ-नऊ किलोमीटर, उंची साधारण ६०० मीटर, म्हणजे सरासरी चढ ७ टक्के. सरासरीवर श्रद्धा असलेला माणूस पहिल्या खड्या वळणावरच नास्तिक होतो.

हिशेब साधा आहे. स्वार ७५ किलोचा, सायकल ९ किलोची. ७ टक्क्यांवर ताशी ८ किलोमीटरने जायला १४० वॉटच्या आसपास ताकद लागते. चढ १२ टक्के झाला की त्याच वेगाला २३०. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असतील तर मिनिटाला ६० पेडल मारायला ताशी ९ किलोमीटरचा वेग ठेवावा लागतो. तो कुठून आणायचा? मग पेडल चाळिशीवर येतं आणि गुडघे साठीवर. मागे ११-३४ ची कॅसेट टाका, म्हणजे मागच्या चाकावरचा ११ ते ३४ दात्यांच्या दातेऱ्यांचा संच. डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरीवरून दुसरीवर नेणारा भाग, २८ पर्यंतचाच असेल तर तोही बदलावा लागतो आणि चेन लांब घ्यावी लागते. "एवढा मोठा गिअर? आजोबांचा का?" असं विचारणारे मित्र तिसऱ्या किलोमीटरला फोटो काढायला म्हणून थांबलेले दिसतात. फोटो कुणाकडेच नसतो.

घाट सुरू व्हायच्या आधीच पुढची चेन छोट्या रिंगवर घ्या. भर चढावर सगळा जोर लावून ती उतरवली की खटकन आवाज होतो आणि चेन रिंग सोडून फ्रेमला चिकटते. गिअर टाकताना अर्धा फेरा पाय हलका सोडायचा, एवढंच. आणि घरून निघण्यापूर्वी सायकल टांगून मागे सगळ्यात मोठ्या दातेरीवर चेन नेऊन बघा. डिरेलरवरचा 'एल' लिहिलेला स्क्रू ढिला असेल किंवा डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर वाकलेला असेल, तर चेन कॅसेट ओलांडून स्पोकांत शिरते. तिथून पुढे सायकल आपल्या खांद्यावर बसून गड बघते.

वळणांचंही एक गणित आहे. डावीकडे वळणाऱ्या हेअरपिनला (उलट फिरणाऱ्या तीव्र वळणाला) आपली बाजू आतली, म्हणजे सर्वांत खडी. मागे जीप नाही ना हे बघून थोडं बाहेरून घ्या. उजव्या वळणाला आपण आपोआप बाहेर असतो. तिथे श्वास परत मिळतो, तेवढ्यात घोटभर पाणी. पावसाळ्यात शेवाळलेल्या कडेला सीटवरून उठून पेडल मारलं की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ते जागच्या जागी फिरतं. बसूनच राहा, पुढे वाका, कोपर सैल सोडा. गाडीच्या खिडकीतून "वा काका, दम आहे!" असं ओरडतील. उत्तर देऊ नका, हवा महाग आहे.

जर्सीच्या मागच्या खिशात केळं सालीसकट दिसेल असं ठेवू नका. वरच्या माकडांना थांबलेली सायकल ओळखता येते. राजगिऱ्याचा लाडू कागदात गुंडाळून आत खोल घाला.

खरी फजिती मात्र पार्किंगमध्ये. पाय क्लीटने, म्हणजे बुटाच्या तळाच्या खटक्याने, पेडलला अडकलेले आहेत हे विसरून ब्रेक दाबायचा आणि शून्य वेगाने, अगदी सावकाश, फांदीवरून फणस पडावा तसं आडवं व्हायचं. थांबायच्या दहा मीटर आधी डावी टाच बाहेर फिरवून पाय सोडवा. विसरलात तर निदान ताकाच्या मडक्याच्या बाजूला तरी पडू नका.