आरएसआय 70 ला पोचला म्हणून शेअर पडत नाही

परवा रात्री धाकट्या चुलतभावाने एक मेसेज पुढे ढकलला. खाली एवढंच: 'दादा, उद्या शॉर्ट मारतो.' म्हणजे भाव पडेल या भरवशावर हातात नसलेला शेअर आधी विकायचा. मेसेजात चार 'अचूक नियम'. आरएसआय (भावाच्या वाढीचा-घटीचा जोर मोजणारा इंडिकेटर, म्हणजे भावांवरून काढलेला आकडा) 70 च्या वर गेला की विका, 30 च्या खाली आला की घ्या. एमएसीडी या दुसऱ्या इंडिकेटरचा क्रॉसओव्हर (त्याच्या दोन रेषांनी एकमेकींना छेदणं) ट्रेंड फिरायच्या आधीच इशारा देतो. डायव्हर्जन्स (भाव आणि इंडिकेटर यांची फारकत) कधी चुकत नाही. तिन्ही जुळले की 90 टक्के खात्री. हे आधीही तिघांकडून आलं होतं, तेव्हा दुर्लक्ष केलं. आता घरातलाच पोरगा पैसे लावायला निघालाय.

पहिला नियम सगळ्यात घातक. आरएसआय वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडला आणि त्याचं सूत्र उघड आहे: 14 दिवसांची सरासरी वाढ आणि सरासरी घट यांचं गुणोत्तर 0 ते 100 च्या पट्टीवर बसवायचं. बस्स. यात उद्याचं काही नाही. वहीत मांडून बघा. भाव 1000. एक दिवस 3 वर, दुसऱ्या दिवशी 1 खाली, पुन्हा 3 वर, पुन्हा 1 खाली. आरएसआय 73 ते 78 च्या मध्येच घुटमळतो, 70 खाली येतच नाही. 60 दिवसांनी भाव 1060. 'ओव्हरबॉट' (म्हणजे गरजेपेक्षा जास्त चढलेला) म्हणून पहिल्याच इशाऱ्याला शॉर्ट मारणारा तोवर बुडत राहतो. हेच उलटं करा: 3 खाली, 1 वर. आरएसआय 25 च्या आसपास, आणि 'स्वस्तात मिळतोय' म्हणत माणूस घसरणीत शेअर घेतच बसतो. 70 चा खरा अर्थ 'वाढ जोरात आहे' इतकाच.

एमएसीडी म्हणजे 12 आणि 26 दिवसांच्या सरासऱ्यांमधला फरक, आणि त्या फरकाचीही पुन्हा 9 दिवसांची सरासरी. सरासरीची सरासरी काढून 'आधी' कसं कळेल? बहुतेक वेळा भाव वळून पुढे गेल्यावरच फरकाची रेषा आणि तिच्या सरासरीची रेषा एकमेकींना छेदतात.

डायव्हर्जन्समध्ये थोडं तथ्य आहे, मान्य. भाव नवा उच्चांक करतो आणि आरएसआय करत नाही, तेव्हा जोर ओसरलेला असतो. पण जोर ओसरणं म्हणजे दिशा फिरणं नव्हे. शिवाय दुसरं शिखर हे शिखर होतं, हे भाव खाली आल्यावरच कळतं. मेसेजातल्या चार्टवर बाण नेमका टोकावर आहे, कारण तो नंतर काढलाय.

आणि ते 90 टक्के? कुठल्या बाजारातले, किती सौद्यांचे, काही पत्ता नाही. तिन्ही इंडिकेटर त्याच भावांतून निघतात. एकाच साक्षीदाराला तीनदा विचारून तीन साक्षी झाल्या म्हणायचं!

चुलतभावाला म्हटलं, शॉर्ट नंतर मार, आधी ते 3 आणि 1 चं गणित एक्सेलमध्ये घाल. तासाभराने त्याचा मेसेज: 'दादा, 40 वा दिवस, भाव 1040, आणि आरएसआय अजून 74 च्या आसपासच आहे.'