खुलं असतं ते मानक, तुमचा सातबारा नव्हे

शहादा-तळोद्यापासून रावेर-यावलपर्यंत गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सरकारी सेवा खुल्या मानकांवर, सामायिक प्लॅटफॉर्मवर गेल्या की सातबारा, आधार, बँक सगळं चोरांना खुलं. प्रत्येक खात्याचं बंद सॉफ्टवेअरच बरं.’ लोक घाबरून तो पुढे ढकलताहेत, म्हणून हे लिहितोय.

मानक म्हणजे फाइल कशी लिहायची, एका यंत्रणेने दुसरीला काय आणि कसं विचारायचं, याचा ठरलेला नियम. तो जाहीर असला म्हणून माहिती जाहीर होत नाही. बँका माहिती सुरक्षित ठेवायला वापरतात ती एईएस पद्धत, म्हणजे माहितीला सांकेतिक कुलूप लावायची रीत, २००१ पासून जगजाहीर आहे. तज्ज्ञांनी ती फोडायचा आटापिटा केला, म्हणूनच तिच्यावर भरवसा ठेवता येतो. गुपित असते ती किल्ली, म्हणजे ते कुलूप उघडणारा सांकेतिक आकडा.

‘बंदच बरं’ म्हणणाऱ्यांनी जुनी सरकारी मराठी आठवावी. ज्या-त्या कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की ‘पाटील’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. ना शोधता येई, ना दुसऱ्या खात्याला देता येई. युनिकोड हे खुलं मानक आलं, तेव्हा कुठे तलाठ्याने टाइप केलेलं नाव कोणत्याही मोबाइलवर वाचता येऊ लागलं.

सामायिक व्यवस्थेचा फायदा तर आपल्याच लोकांना आहे. धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबं मजुरीला गुजरातेत जातात. ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्र आणि गुजरात एकमेकांची रेशनकार्डं चालवतात. देशात अशी सुरुवात करणाऱ्या पहिल्या दोन जोड्यांत आपली जोडी होती. सुरतेतला दुकानदार ई-पॉस मशीनवर कार्डाचा नंबर टाकतो, अंगठा घेतो आणि धान्य देतो. त्या महिन्याचं धान्य उचलल्याची नोंद झाल्यावर तेच धान्य गावात पुन्हा उचलता येत नाही. दोन राज्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलली नसती, तर त्या कार्डावर तिथे दाणाही मिळाला नसता.

मेसेजमधली एक तक्रार मात्र खरी: सर्व्हर बसला की सगळेच अडकतात. पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्राबाहेर उभं राहिलेल्याला हे सांगायला नको. पण बंद सॉफ्टवेअरचा सर्व्हरही बसतोच. मागायचंच असेल तर वाढीव क्षमता मागा, यंत्रणा बंद पडल्यास मुदतवाढ मागा, आणि आपली माहिती कोणी, कधी, कशासाठी पाहिली याची नोंद आपल्याला दिसावी असा आग्रह ग्रामसभेपासून धरा.